पंचवीस रूबलांचा पाहुणा : लग्नाच्या एकांकिकेतला दडलेला ताण

एकांकिका स्पर्धेत लग्नघराची गोष्ट आली की प्रेक्षागृहातले निम्मे लोक शेवट आधीच सांगून मोकळे होतात. अंतरपाट धरला जाणार, मंगलाष्टकं सुरू होणार आणि शेवटच्या 'सावधान'च्या आत कुणीतरी दारातून ओरडणार, थांबवा हे लग्न! कधी जुना प्रियकर, कधी पोलीस, कधी नवऱ्या मुलाची आधीची बायको. या युक्तीला आपल्याकडे घराणं आहे. देवलांच्या 'संगीत शारदा'त (१८९९) म्हाताऱ्या भुजंगनाथाचं लग्न सगोत्राचं कारण काढून मोडतं. तिथे ते शोभतं, कारण हे लग्न होऊ द्यायचं का, हाच त्या नाटकाचा प्रश्न आहे. पाऊण तासाच्या एकांकिकेत तीच युक्ती घेतली की सगळा ताण दारापाशी जाऊन बसतो आणि दार उघडेपर्यंत प्रेक्षक घड्याळ बघतो.

म्हणून इथे असं प्रकरण घेतलंय जिथे लग्न पडदा उघडायच्या आधीच लागून गेलंय. रशियन लेखक अंतोन चेकॉव्हची 'लग्न' ही एकांकिका. लिहिली १८८९ साली, छापली पुढच्या वर्षी. खून नाही, पळून जाणं नाही, नवरीला दुसरा कुणी हवाय अशी भानगडही नाही. नवरी दाशेन्का बहुतेक वेळ जेवतेच आहे. तरीही ही एकांकिका नीट बसवली की शेवटच्या पाच मिनिटांत लोक खुर्चीत अवघडून बसतात. ते कसं होतं, एवढंच बघायचंय.

जागा आहे आन्द्रोनोव नावाच्या केटररचा भाड्याचा हॉल. दिव्यांनी झगझगीत, टेबल मांडलेलं, वाढपी लगबगीत, आतून नाचाची शेवटची गत ऐकू येतेय. चेकॉव्हला हे ऐकीव नव्हतं. मॉस्कोत याकिमांका भागात राहत असताना त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर असाच लग्नाकार्याचा हॉल होता. मुलीचा बाप झिगालोव हा निवृत्त कॉलेजिएट रजिस्ट्रार. झारच्या रशियात सरकारी नोकरीची चौदा पायऱ्यांची उतरंड होती, १७२२ मध्ये पहिल्या पीटरने घालून दिलेली. झिगालोव सगळ्यात खालच्या, चौदाव्या पायरीवरचा. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप या उणिवेपोटी आहे. अशा घरच्या जेवणावळीत एखादा जनरल बसला की घराची पत वाढते. निवृत्त बड्या अधिकाऱ्याला लग्नात मिरवायला बोलावण्याची रीत तेव्हा खरोखरच होती आणि नुसत्या शोभेच्या पाहुण्याला रशियनमध्ये आजही 'लग्नातला जनरल' म्हणतात. आमदारसाहेब अक्षता टाकायला येईपर्यंत आपल्याकडे मुहूर्त खोळंबतो, तीच जातकुळी.

नवरदेव आप्लोम्बोव रंगमंचावर येतो तोच सासूला, नस्तास्या तिमोफेयेव्नाला, धारेवर धरत. हुंड्यात दोन बक्षिसी रोखे द्यायचे ठरलं होतं, ते कुठेत? (सरकारने १८६४ आणि १८६६ मध्ये काढलेल्या कर्जाचे हे रोखे, दर्शनी किंमत शंभर रूबल, व्याजही मिळे आणि सोडतीत नंबर लागला तर घबाडही.) सासू म्हणते, माझं डोकं दुखतंय, हवा बदललेली दिसते. तो म्हणतो, रोखे गहाण पडलेत हे मला आज कळलंय. मला त्यांची हाव नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण आज मिळाले नाहीत तर तुमच्या मुलीचं जिणं हराम करीन. सासू टेबलाकडे बघून ताटं मोजते. एवढ्यात करवल्यासारखा मिरवणारा एक जण विचारायला येतो, आइस्क्रीम रमबरोबर द्यायचं की मदेरा वाइनबरोबर? नवरदेव तत्त्व बाजूला ठेवून सांगतो, रमबरोबर. आणि मग पुन्हा सुरू: जेवणाला जनरल येणार असंही ठरलं होतं, तो कुठाय? सासू म्हणते, माझा काय दोष, आन्द्रेय आन्द्रेयिच न्यूनिन आणतो म्हणाला होता, कुठे मिळाला नसेल. नवरदेव तिथेही थांबत नाही. 'यात' नावाचा तारबाबू माझ्याआधी दाशेन्काच्या मागे होता हे सगळ्यांना माहीत असताना त्याला का बोलावलंत?

इथे लेखकाची पहिली चलाखी होऊन गेलेली असते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. तीन तक्रारी एका दमात आल्या. रोखे, जनरल, तारबाबू. लग्नाच्या नाटकांना सरावलेला प्रेक्षक पहिली आणि तिसरी उचलतो. हुंड्यावरून रुसवा होणार किंवा जुन्या प्रेमावरून राडा होणार. मधली तक्रार मानपानाच्या यादीतल्या एका ओळीसारखी निघून जाते. तिला मधे ठेवलंय ते यासाठीच. शिवाय सासूच्या उत्तरात एक बोच राहते. माणूस 'मिळाला' नसेल, असं ती म्हणते. पाहुणा बोलावतात. मिळवतात ती वस्तू.

मधला भाग मी भराभर ओलांडतो, कारण तो ताणाच्या दृष्टीने पातळ आहे. सुईण झ्मेयुकिनाला गायला लावण्यासाठी तारबाबू तिच्या मागे लागलाय आणि ती म्हणते मला गुदमरायला होतंय. सासरा दिम्बा नावाच्या ग्रीक मिठाईवाल्याला विचारतोय, तुमच्याकडे वाघ आहेत का, देवमासे आहेत का, आणि तो बिचारा सांगतोय, ग्रीसमध्ये सगळं आहे. विजेच्या दिव्यांवरून वाद होतो, सासरा म्हणतो वीज म्हणजे शुद्ध फसवणूक. हशा इथे हमखास मिळतो आणि म्हणूनच दिग्दर्शक इथे रेंगाळतात. माझ्या मते इथे जितकं रेंगाळाल तितका शेवट अशक्त होतो. एकच जागा जपायची. तारबाबू हुंड्यासाठी लग्न करणाऱ्यांना टोमणा मारतो, नवरदेव अंगावर जातो आणि त्याला निघून जा म्हणतो. तारबाबू म्हणतो, जातो, पण गेल्या वर्षी वास्कीटासाठी माझ्याकडून घेतलेले पाच रूबल आधी परत द्या.

त्या पाच रूबलांवर लोक हसतात. पण गहाण पडलेल्या रोख्यांनंतर पैशाचा हा दुसरा आकडा सगळ्यांदेखत टेबलावर आला. या हॉलमध्ये कुठलंही भांडण शेवटी उधारीवरच येतं, ही सवय प्रेक्षकाच्या कानाला लागते. पुढे तिसरा आकडा येईल तेव्हा तो आपोआप खरा वाटेल, त्याची ही मशागत.

आता न्यूनिन येतो. विमा कंपनीचा एजंट, घामाघूम. सासूला बाजूला घेतो. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात याला जनांतिक म्हणतात: रंगमंचावर इतर असताना एकाच पात्राच्या कानाशी बोललेलं, बाकीच्यांनी ऐकलं नाही असं मानायचं. तो सांगतो, मिळाला! अस्सल जनरल, भरदार, ऐंशीचा तरी असेल, कदाचित नव्वदचा. येतोच आहे. पायदळाचा वगैरे नाही, नौदलाचा आहे! दर्जाने द्वितीय श्रेणीचा कॅप्टन, पण आरमारात ते मेजर-जनरलच्या तोडीचं, किंबहुना वरच. सासू विचारते, मला फसवत तर नाहीस ना रे? आणि पुढे पुटपुटते की पैसे उगाच वाया घालवायचे जिवावर येतं.

मग म्हातारा येतो. फ्योदोर याकोवलेविच रेवुनोव-काराउलोव. कानाने अधू, स्वभावाने गोड, घरी एकटा. सगळे उभे राहतात, महाराज, सरकार, असं चालतं. आणि तो स्वतःहून सांगतो, आन्द्र्युशा (म्हणजे आपला न्यूनिनच) आला, म्हणाला चला लग्नाला. मी म्हटलं माझी ओळख ना पाळख, बरं दिसेल का? तो म्हणाला, साधी जुन्या वळणाची माणसं आहेत, कुणीही आलं तरी त्यांना आनंदच. घरी एकट्याला कंटाळा येतो, माझ्या येण्याने कुणाला बरं वाटत असेल तर का नको? सासरा हेलावून विचारतो, म्हणजे अगदी मनापासून आलात? मीही साधा माणूस, लबाडी मला ठाऊक नाही.

या दोन प्रवेशांत मिळून संपूर्ण एकांकिकेचा स्फोटक दारूगोळा भरला गेला. कुणीही प्रेक्षकाकडे वळून काही सांगितलेलं नाही. सासूच्या तोंडून कळलं की पैसे गेलेत. म्हाताऱ्याच्या तोंडून कळलं की तो फुकट, प्रेमाने आलाय. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवण्याचं काम प्रेक्षक स्वतः करतो आणि केलं की त्याच्या पोटात खड्डा पडतो. पैसे न्यूनिनच्या खिशात आहेत.

इथून पुढे या टेबलावर कोण काय जाणतं हे तालमीत प्रत्येक नटाने कागदावर लिहून काढावं, असा माझा आग्रह असतो. सासूला वाटतं आपण या माणसाची किंमत मोजलीय, तेव्हा त्याने त्या किमतीचं वागायला हवं. म्हाताऱ्याला वाटतं आपल्याला प्रेमाने बोलावलंय. पाहुण्यांना वाटतं खरा जनरल आलाय. सासऱ्याचं 'मनापासून' हे खरंच भोळेपणाचं आहे की नाही, हे संहिता उघड करत नाही आणि नटाने तो निर्णय स्वतः घेऊन गप्प राहावं. सगळं माहीत असलेला एकटा न्यूनिन, आणि अंधारात बसलेले आपण. आपण न्यूनिनच्या बाजूला जाऊन बसलोय, ही बोचरी गोष्ट आहे. त्याची लबाडी उघडी पडू नये असं क्षणभर आपल्यालाही वाटतं. त्याच्यासाठी अर्थातच नाही, म्हाताऱ्यासाठी.

दर्जाच्या थापेबद्दल एक अडचण आहे. त्या काळच्या रशियन प्रेक्षकाला ती थाप बोलताक्षणीच कळत होती. द्वितीय श्रेणीचा कॅप्टन म्हणजे सातवी पायरी, लष्करातल्या लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा. मेजर-जनरल चौथ्या पायरीवर. आपल्या प्रेक्षकाला हे गणित माहीत नसतं, त्यामुळे न्यूनिनचं वाक्य कोरडं निघून जातं. मराठी रूपांतरात म्हाताऱ्याला नौदलातला निवृत्त कमांडर करावं. भारतीय नौदलात कमांडर हा लेफ्टनंट कर्नलच्याच तोडीचा आणि मेजर जनरलच्या तोडीला रिअर ॲडमिरल लागतो. मुंबईच्या प्रेक्षागृहात दोन-चार जण तरी हे ओळखून हसतात आणि बाकीच्यांना त्या हसण्यावरून वास लागतो.

नंतर चेकॉव्ह जे करतो ते धाडसाचं आहे. दारूगोळा भरल्यावर बहुतेक लेखक वात पेटवायची घाई करतात. हा म्हाताऱ्याला आनंदी करतो. आधी म्हातारा लोणच्यातला हेरिंग मासा चाखून म्हणतो, कडू आहे, पाव पण कडू आहे. रशियन लग्नात पाहुणे 'कडू, कडू' ओरडतात आणि ते गोड करायला नवरा-नवरीने एकमेकांचं चुंबन घ्यायचं, अशी रीत. म्हणजे म्हातारा मजा करतोय, रीत पाळतोय, आणि सगळं टेबल ओरडायला लागतं. या एका क्षणी तो खरोखरच या घरचा पाहुणा असतो. मग त्याला पाहुण्यांत एक तरुण खलाशी सापडतो. झालं! म्हातारा खुलतो. आमच्या नौदलात प्रत्येक शब्दाला अर्थ असतो, म्हणतो, आणि शिडांचे हुकूम सोडायला लागतो. अमुक डोलकाठीवर चढा, तमुक शीड सोडा, गलबत वाऱ्यावर वळवताना कोणता दोर ओढायचा. थांबतच नाही.

हे संवाद वाचताना कंटाळवाणे वाटतात आणि संपादनात पहिली कात्री यांच्यावरच चालते. ती चालवू नये. वरवर टेबलावर फक्त कंटाळा वाढतो, पाहुणे चुळबुळ करतात, कुणीतरी म्हणतं आम्हाला हे कळत नाही. पण आपल्याला ठाऊक आहे की सासूच्या डोक्यात हिशेब चाललाय: यासाठी का मी पैसे मोजले? प्रत्येक हुकुमागणिक तिचं नुकसान वाढतंय आणि म्हाताऱ्याचा आनंदही वाढतोय. दोन्ही पारडी एकाच वेळी वर जाताहेत. नाटक बसवणाऱ्याने इथे सासूला बोलू न देता फक्त बघायला लावावं.

त्यात बहिरेपणाची जोड. विषय बदला अशी विनंती होते तर तो म्हणतो, माझं जेवण झालंय, काय म्हणालात, बदक? नको, आभारी आहे. शेवटी सासू चिडून म्हणते, जनरल असून असा धुमाकूळ घालता, या वयात लाज वाटायला हवी. तो म्हणतो, कटलेट? नाही, नाही खाल्ले, आभारी आहे. विनोद म्हणून हे सोपं आहे. ताण म्हणून बघितलं तर बहिरेपणा हे त्याचं शेवटचं चिलखत आहे. अपमान येऊन आदळतोय आणि त्याच्यापर्यंत पोचताना तो जेवणाचा आग्रह होऊन पोचतोय. किती वेळा असा वाचेल?

एकदाच नाही वाचत. त्याच्या कानावर 'जनरल' हा शब्द नीट पडतो आणि तो प्रामाणिकपणे दुरुस्ती करतो, मी जनरल नव्हे, द्वितीय श्रेणीचा कॅप्टन, म्हणजे लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा. त्याच्या स्वतःच्या सरळपणानेच सुरुंग उडतो. सासू म्हणते, जनरल नाही तर पैसे का घेतलेत? कुठले पैसे? आन्द्रेय आन्द्रेयिचकडून पंचवीस रूबल घेतलेत ते! नवरदेव, जो मघापासून तत्त्वाच्या गोष्टी करतोय, तो पावती मागितल्यासारखा पुन्हा पुन्हा विचारतो, तुम्हाला पंचवीस रूबल मिळाले की नाही? म्हाताऱ्याला उलगडायला एक श्वास लागतो. मग तो उठतो. सभ्य माणसांत असतो तर द्वंद्वाला आव्हान दिलं असतं, आता काय करू, म्हणतो. आणि त्याला दार सापडत नाही. वाढप्याला हाक मारतो, मला बाहेर ने.

दार इथेही आहेच. पण आत घुसणाऱ्याऐवजी बाहेर पडू न शकणारा माणूस त्याच्यापाशी आहे.

म्हातारा गेल्यावर सासूचं पहिलं वाक्य काय? आन्द्र्युशा, पंचवीस रूबल कुठेत? माझ्या दृष्टीने या एकांकिकेतला सगळ्यात भयंकर क्षण हा आहे, आणि तो अगदी साध्या सुरात, भाजीचे सुटे मागावेत तसा यायला हवा. न्यूनिन म्हणतो, क्षुल्लक गोष्टी काय काढता, आनंदाचा दिवस आहे, आणि ओरडतो, संगीत! मार्च! वधूवरांच्या आरोग्यासाठी! बँड सुरू होतो, झ्मेयुकिना गुदमरतेय म्हणते, तारबाबू खूश होतो, कुणीतरी गोंगाटात भाषण रेटायला बघतो, पडदा. प्रयोगात बँड आणि सासूचा प्रश्न यांच्यात पॉज घेतलात तर प्रेक्षकाला सुटकेचा श्वास मिळतो आणि सगळं वाया जातं. बँडने प्रश्नावर चढायला हवं. रशियन दिग्दर्शक येव्गेनी वाख्तांगोव्हने १९२० मध्ये ही एकांकिका मॉस्कोत केली तीही हशाखाली भेसूरपणा वाजता ठेवून.

हे सगळं पहिल्याच फटक्यात साधलेलं नाही. पाच वर्षं आधी, १८८४ मध्ये, चेकॉव्हने याच प्रसंगावर कथा लिहिली होती. तिथला रेवुनोव-काराउलोव निवृत्त रिअर ॲडमिरल होता, म्हणजे जनरलच्या तोडीचाच. त्यामुळे कथेत फसवणूक एकच राहते, पैशाची. दर्जाच्या बाबतीत सासूला ठरल्याप्रमाणे माल मिळालेला असतो. रंगमंचासाठी लिहिताना त्याने म्हाताऱ्याला तीन पायऱ्या खाली उतरवलं. या एका बदलाने सासूला आवाज चढवायला सबब मिळाली, न्यूनिनच्या थापा एकाच्या दोन झाल्या आणि स्फोटाची ठिणगी म्हाताऱ्याच्याच तोंडून पाडता आली. एकांकिका लिहिणाऱ्यांनी कथा आणि एकांकिका शेजारी ठेवून वाचाव्यात. पात्रं वाढवून, प्रसंग वाढवून ताण वाढवायची आपल्याला खोड असते; इथे एका माणसाचा हुद्दा बदललाय फक्त.

बसवताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. न्यूनिन करणारा नट लबाडी दाखवायला जातो, डोळा मारतो, खिसा चाचपतो. मग प्रेक्षकाला दोन वाक्यं जुळवायचं कामच उरत नाही. त्याने शेवटपर्यंत मदतीला धावणारा घरचा माणूसच राहावं. दुसरं, म्हातारा विदूषक होतो. तो उत्तम अधिकारी असला पाहिजे. ते हुकूम त्याला खरोखर येतात आणि कधीकाळी माणसं ते ऐकून डोलकाठीवर चढायची, हे आवाजात हवं. खलाशाचं काम करणाऱ्या पोरानेही एखाद्या हुकुमाला नकळत ताठ व्हावं. तेवढं झालं की शेवटचा अपमान कुणाचा झाला हे वेगळं दाखवावं लागत नाही.

आणि रोखे? नवरदेवाने ज्यांच्यासाठी धमकी दिली होती, 'आज नाही मिळाले तर' अशी? त्यांचं नाव पुन्हा निघतच नाही. एखादा परीक्षक त्याला धागा सुटला म्हणेल आणि दोन गुण कापेल. मला ती सुटलेली गाठ वाटत नाही. रात्र अजून संपलेली नाही, रोखे अजून गहाणच आहेत, आणि आता त्या घरातून आणखी पंचवीस रूबल गेलेत. म्हाताऱ्याच्या जाण्याने पाहुण्यांची गोष्ट संपली. दाशेन्काची उद्या सकाळी सुरू होईल, आणि ती जेवतेय.